अकराव्या अध्यायाचा अर्थ

माझ्या बापाच्या डोक्यात टॉमी बसली तेव्हा आवाज फार मोठा झाला नाही. टॉमी म्हणजे ट्रॅक्टरचं चाक खोलायचा हातभर लोखंडी दांडा. उंबऱ्यावर नारळ फोडावा तेवढाच आवाज झाला आणि आबा बांधावर आडवे झाले. मारणारा माझा चुलतभाऊ योगीराज होता. बांधाच्या वरच्या अंगाला लंगडा पाय लांब सोडून त्याचा बाप बसला होता, माझा थोरला काका दिनकरराव. तो म्हणाला होता, "हाण." एवढा एकच शब्द. तो मी ऐकला. तिथे असलेल्या बाकी कोणी ऐकला नाही, कारण बाकीच्यांना पुढे याच गावात राहायचं होतं.

भांडण बांधाचं होतं. वालूरच्या अलीकडे, दुधनेच्या काठाला आमचं गाव. आबांचं पाच एकर आणि काकाचं पाच एकर, मध्ये एक बांध. योगीराज दरसाली ट्रॅक्टरचा रोटा मारून ढेकळं फोडताना तो बांध वीतभर कोरत आणत होता. भुजंगला, म्हणजे आबांना, पोरगा नाही, एक पोरगी, तीही नवरा सोडून आलेली, मग रान आज ना उद्या आपलंच, असं त्यानं धरून चालवलं होतं. ती पोरगी म्हणजे मी, मंजुषा. नवऱ्यानं माझ्यावर एकदा हात उचलला, मी त्याच्यावर मुसळ उचललं, आणि दुसऱ्या दिवशी देवगाव फाट्यावरून एस.टी. धरून माहेरी आले. त्याची करंगळी अजून सरळ होत नाही असं ऐकते. मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

तर त्या दिवशी आबा ट्रॅक्टरच्या आडवे उभे राहिले. म्हणाले, "योगी, बांध तुज्या आज्यानं घातलाय. तेवढा तरी ठीव." योगीराज खाली उतरला तो टॉमी घेऊनच. मी पन्नास पावलांवर धसकटं वेचत होते. पळत पोहोचले तोवर एक घाव बसला होता आणि दुसऱ्यासाठी हात वर गेला होता. मी त्याच्या दंडाला चावले. दात आत गेलेले मला कळले, तोंडात त्याचं रक्त आलं, तरी मी सोडलं नाही. त्यानं माझे केस धरून मला ढेकळांवर आपटलं. मी हाताला आलेला दगड त्याच्या तोंडावर घातला. पुढचे दोन दात पडले. चौघांनी मला ओढून बाजूला केलं तेव्हा मी रडत नव्हते, दुसरा दगड शोधत होते.

आबांच्या कानातून रक्त येत होतं. काळ्या रानात ते दिसतही नव्हतं, नुसती माती ओली झालेली दिसत होती. काका जागचा उठला नाही. मी त्याच्याकडे बघून म्हणाले, "काका, तुजी मान माज्या हातानं तोडीन." हे मात्र सगळ्यांनी ऐकलं.

आधी परभणी, मग नांदेड. डॉक्टरांनी डोकं उघडलं. मेंदूला सूज होती म्हणून कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढला आणि तो खराब होऊ नये म्हणून आबांच्याच पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवला. सूज उतरली की परत बसवू म्हणाले. माझ्या बापाच्या डोक्याचं हाड त्याच्या पोटात आहे, हे मी मायला दोनदा समजावून सांगितलं, तिला ते कळलं नाही. मग मीही सांगायचं सोडून दिलं.

सूज उतरली, पण आबा काही पुरते आले नाहीत. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पाचव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. नाकात नळी होती, तिच्यातून पेज आणि औषध द्यायचं. तोंडातून पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, गिळता येत नाही, फुप्फुसात जाईल. योगीराज तुरुंगात होता. काका बाहेर होता. त्याच्याविरुद्ध माझ्या एकटीचा जबाब होता आणि त्याला कोणी दुजोरा दिला नाही. रोज सकाळी तो काठी टेकत आमच्या दारावरून पाराकडे जायचा. मान खाली घालून जायचा, त्यामुळे मला ती नीट बघता यायची.

आता पोथीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं. आमच्या मारुतीच्या देवळात श्रावणात दुपारची पोथी लागते. ती छापलेली नाही. कोण्या गोसाव्यानं गावात मुक्काम करून लिहिलेली, सुट्या पानांची, लाल बासनात बांधलेली. दोन भावांची कथा आहे आणि त्यात देवापेक्षा मारामाऱ्या जास्त आहेत. पोथीला दोन माणसं लागतात. वाचक ओवी वाचतो आणि सूचक तिचा अर्थ सांगतो. जुनी भाषा लोकांना लागत नाही, म्हणून ओवी संपली की देवळातल्या सगळ्या माना सूचकाकडे वळतात. सूचक माझा बाप होता. त्याला अक्षर येत नव्हतं, पण सगळी पोथी कानानं पाठ होती. जुने वाचक वारले तेव्हा मी आठवीत होते. ते हस्ताक्षर वाचता येणारी गावात मी एकटीच निघाले. पोरीनं पोथी वाचायची का, यावर दोन दिवस पारावर काथ्याकूट झाला. आबा म्हणाले, "ज्याला वाचाया येतंय त्यानं पुढं यावं." कोणी आलं नाही.

अकराव्या अध्यायात थोरला भाऊ धाकट्याला शेतासाठी मारतो. मग धाकट्याचं लेकरू चुलत्याला गाठतं. ओवी अशी आहे:

तंव पुत्रें परशु घेऊनि करीं ।
घाव घातला मानेवरी ।
शिर लोळलें धुळीभीतरी ।
रक्तें भिजली काळी ते ॥

याच्यात न कळण्यासारखं काय आहे? पण पहिल्याच साली मी ही ओवी वाचली आणि शेजारी बसलेल्या आबांनी अर्थ सांगितला तो असा: "मंग त्या लेकरानं कुऱ्हाड उचलली. पर चुलता खाली बसला व्हता. लेकरानं कुऱ्हाड लाकडात रोवली अन म्हणलं, काका, ऊठ. पाणी पी." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी हातातलं पान पुन्हा वाचून बघितलं.

घरी आल्यावर मी भांडले. "आबा, असं लिवलेलंच न्हाई. मुंडकं उडवलंय त्यानं."

"तुजं काम वाचायचं," आबा म्हणाले. "माजं सांगायचं. माज्या कामात हात घालू नको."

त्यानंतर एकवीस वर्षं मी मान उडवत आले आणि आबा पाणी पाजत आले. मला वाटायचं, अडाणी माणूस, ऐकण्यात काही चूक झाली असेल आणि आता मागे घ्यायला लाज वाटत असेल. हळूहळू माझी चीडही गेली. रेशन दुकानावरची पाटी वाचावी तशी मी ती ओवी वाचायची, पान उलटायची आणि शेंगदाण्याच्या प्रसादाची वाट बघायची.

आबा घरी आल्यावर पोथी मी देवळातून घरी आणली. त्यांना नुसतं पडून राहवत नव्हतं, डावा हात सारखा नळीकडे जायचा. वाचायला लागलं की तो हात शांत व्हायचा. मी पहिल्यापासून सुरू केलं. अकराव्या अध्यायावर आले आणि मला पुढे जाता येईना. तीच ओवी, तीच शाई, पण पहिल्यांदाच ती मला उद्देशून लिहिल्यासारखी वाटली. त्या गोसाव्याला सगळं माहीत होतं. घाव डोक्यात घालायचा नाही, डोक्यात घातला की माणूस महिनोन्महिने खाटेवर सडतो. मानेवर घालायचा. मी ती ओवी रोज वाचू लागले, एकदा नाही, चार-चार वेळा. वाचून झालं की परसात जाऊन तीच ओवी म्हणत बाभळीच्या ओंडक्यावर कुऱ्हाड चालवायची. पहिल्या आठवड्यात घाव इकडेतिकडे पडायचे. तिसऱ्या आठवड्यात मी खडूनं मारलेल्या रेघेवर नेमका घाव घालू शकत होते. तळहाताला फोड आले, फुटले, तिथे घट्टे पडले. माय दारातून बघायची.

एक दिवस मी आबांना तोंडावर म्हणाले, "हे बघा आबा, काय लिवलंय. मानेवरी. तुमी जिंदगीभर लोकायला खोटं सांगितलं. आता मी खरं करून दाखवते."

आबांच्या डोक्याला जिथे हाड नव्हतं तिथे कातडी आत गेली होती आणि नाडीबरोबर हलत होती. ती जोरात हलू लागली. त्यांनी डावा हात उचलला, ओंजळ केल्यासारखा वाकवला आणि पुढे केला. मग तोच हात तोंडाकडे नेला.

"पाणी देता येत न्हाई, आबा. डॉक्टरनं न्हाई म्हणलंय."

त्यांनी पुन्हा हात पुढे केला. पुन्हा तोंडाकडे नेला. घशातून नुसती घरघर आली. मी कापूस ओला करून त्यांच्या ओठांवरून फिरवला. त्यांनी मान फिरवली. डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर गेलं. दुसऱ्या दिवशी तीच ओवी, तोच हात. तिसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, तहानेनं माणूस वेडा होतोय आणि मी त्याला घोटभर पाणी देऊ शकत नाही. त्याचाही राग मी काकाच्या नावावर जमा केला.

चौथ्या दिवशी माय आत आली. तानुबाई, माझी माय, बोलणं कमीच. तिनं आबांचा तो हात बघितला आणि खाली बसली.

"त्यायला तहान न्हाई लागली, मंजे," ती म्हणाली. "ते अर्थ सांगायलेत."

मी पान खाली ठेवलं.

"तुजा काका लंगडा हाय तो गाडीवरून पडून न्हाई," माय म्हणाली. "त्याचा गुडघा तुज्या बापानं फोडला. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट अंगानं. याच बांधावर. तू पोटात व्हतीस. एक घाव न्हाई, तीन घातले. हाड बाहेर आलं व्हतं, मी पदरात धरलं. पोलिस आले तर दिनकररावानं सांगितलं, बैल उधळले, गाडीवरून पडलो. भावाचं नाव काय घेतलं न्हाई."

"मंग?"

"मंग श्रावण आला. त्या आधी तुजा बाप लिवल्यापरमाणंच सांगायचा. लय रंगवायचा, लेकरं भिऊन मांडीत शिरायची. त्या साली अकराव्या अध्यायाला तुजा काका बगलेत काठ्या घेऊन आला अन म्होरं येऊन बसला. ओवी वाचून झाली. तुज्या बापाच्या तोंडून कुऱ्हाड काय खाली येईना. तवापासून पाणी."

माझ्या डोळ्यांपुढे देऊळ आलं. दरसाली त्या ओवीनंतर पुढच्या रांगेत बसलेला काका हात लांब करून तांब्या मागायचा आणि घटाघटा प्यायचा. मला वाटायचं, बिड्या ओढून घसा कोरडा पडत असेल. दोघं भाऊ वर्षभर एकमेकांशी सरळ बोलत नसत. एक सांगायचा, एक प्यायचा, आणि त्यांच्या मधोमध बसून मी प्रसादाची वाट बघत होते.

"मंग आता हाण कसा म्हणला तो?" मी विचारलं.

"पस्तीस वर्ष गुडघा दुखत व्हता त्याचा," माय म्हणाली आणि नळी धुवायला गेली.

हे ऐकून माझं मन वळलं असेल असं कोणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. उलट मी जास्त पेटले. आबांचाही राग आला. ज्या कुऱ्हाडीवर मी घट्टे पाडून घेतले ती त्यांनी आधीच चालवली होती, आणि मला मात्र नुसती वाचायला बसवलं होतं. सगळ्या जुन्या माणसांना ठाऊक होतं, फक्त वाचणारीला नव्हतं. त्या दुपारी मी ओंडक्याचे दोन तुकडे केले. संध्याकाळी आबांपाशी बसले, त्यांचा डावा हात धरला आणि खूप रडले. ते बघत होते. त्यांनी पुन्हा हात सोडवून घेतला आणि ओंजळ केली. मी म्हणाले, "न्हाई जमायचं, आबा."

श्रावण लागला त्या दिवशी सकाळी ते गेले. मायनं तुळशीच्या पानावरून तोंडात पाणी सोडलं. आता फुप्फुसाची भीती नव्हती. गुन्हा आता खुनाचा झाला होता, म्हणून प्रेत सेलूला नेऊन उघडलं आणि दुपारी शिवून परत दिलं. जाडा दोरा, लांब लांब टाके. मी ते पांघरूण काढून बघितलं. बघायलाच पाहिजे होतं.

भावकीतले लोक ओट्यावर बसून बोलू लागले. पोरगा नाही, पुतण्या तुरुंगात, तर अग्नी थोरल्या भावानं द्यावा, रीत तीच आहे. मी बाहेर आले आणि म्हणाले, "अग्नी मी देणार. ज्याला रीत सांगायचीय त्यानं सरणापशी येऊन सांगावी." पोलिस पाटील जीवनराव उठले आणि तिरडी बांधायला लागले. मग बाकीचेही उठले.

दुधनेच्या काठाला सरण रचलं. ओली लाकडं फोडायला कोणी तरी कुऱ्हाड आणली होती, ती मी मागून घेतली. आबांना वर ठेवलं तरी मी फोडतच होते. माझं लक्ष वाटेकडे होतं. तो येणार हे मला माहीत होतं. सख्खा भाऊ आहे, न येऊन सांगतो कुणाला.

काका आला. काठी टेकत, एकटा. लोक बाजूला झाले. सरणापासून चार पावलांवर, देवळात जसा पुढे बसायचा तसाच तो खाली बसला, लंगडा पाय सरळ पुढे सोडून. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आलोय, मंजे," तो म्हणाला. "काय करायचं ते करून घे."

त्यानं मान खाली घातली. मानेवर काळा दोरा होता, त्याच्या खाली दोन सुरकुत्यांच्या मध्ये बोटभर मोकळी जागा होती. परसातल्या ओंडक्यावरची खडूची रेघ मला तिथे दिसली. मी दोन्ही हातांनी कुऱ्हाड वर घेतली. जीवनराव "मंजुषा" म्हणाले आणि पुढे यायला लागले, पण माझ्या तोंडाकडे बघून थांबले. आणि माझ्या तोंडातून ओवी बाहेर पडली. मी ठरवलं नव्हतं. हात वर गेला की शब्द येणार, एवढे दिवस दोन्ही एकत्रच घोटले होते. मी मोठ्यानं म्हणाले, देवळात म्हणते तशी, चारही चरण. रक्तें भिजली काळी ते.

ओवी संपली आणि लोकांच्या माना वळल्या. सवयच ती. पन्नास माणसं होती, सगळ्यांनी सूचकाकडे बघितलं. सूचक सरणावर होता, डोक्याला पांढरी पट्टी बांधून. काकाही तिकडेच बघत होता.

कोणी अर्थ सांगितला नाही. नदीपलीकडे एक ट्रॅक्टर चालू होता तेवढाच आवाज. माझे हात दुखायला लागले. मला त्याला मारायचं होतं. आज हे सांगतानाही मारायचं आहे, मी काही साध्वी झालेली नाही. पण ते सगळे अर्थासाठी थांबले होते आणि तो सांगायला आता माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. खाटेवरून तो वाकडा हात तीन-तीनदा कोणाला सांगत होता ते मला तेव्हा कळलं. लोकांना नाही. मलाच.

कुऱ्हाड खाली आली ती मी फोडत होते त्या ओंडक्यात. काकाच्या मांडीपासून वीतभर अंतरावर. ढलपी उडून त्याच्या गालात घुसली, रक्ताची धार हनुवटीपर्यंत आली. तो हलला नाही.

"काका, ऊठ," मी म्हणाले.

पुढचं सगळ्यांना पाठ होतं. काकालाही. तो उठला नाही, तोंड वर करून थांबला. मग तोच म्हणाला, "पाणी?"

"पाणी आबांचं हाय," मी म्हणाले.

मी पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घेतलं आणि सरणाभोवती निघाले. जीवनरावांनी दगडानं मडक्याला भोक पाडलं. पाण्याची धार माझ्या मागे मातीत पडत चालली. दुसऱ्या फेरीला दुसरं भोक, तिसऱ्या फेरीला तिसरं. तिसऱ्या फेरीत मी काकाच्या जवळून गेले आणि धार त्याच्या लंगड्या पायापाशी पडली, तिथे थोडा चिखल झाला. काका वाकला. त्यानं चिखलात तळहात टेकवला आणि ओठांना लावला. पुन्हा टेकवला, पुन्हा लावला. गालावरचं रक्त आणि माती आणि ते पाणी, सगळं तो प्याला.

लोक माझ्याकडे बघत होते. कुऱ्हाड ओंडक्यात उभी होती, हात लांब केला असता तर लागली असती. मी काकाला अडवलं नाही. मडकं मागे टाकलं, आणि आबांना अग्नी दिला.